केप यॉर्कचा जुना टेलिग्राफ ट्रॅक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मराठी मंडळींमध्ये एक टप्पा ठरलेला असतो. घर झालं, मुलांची शाळा लागली, दारात फोर-बाय-फोर आली, की कुणीतरी विषय काढतंच: "टिपला जायचं का?" टिप म्हणजे केप यॉर्क, क्वीन्सलँडमधलं, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत पजिंका. केर्न्स शहराहून हे अंतर साधारण १००० किमी, आणि त्यातला बराचसा रस्ता कच्चा. या रस्त्याला लागूनच जुना टेलिग्राफ ट्रॅक आहे. १८८७ मध्ये पूर्ण झालेल्या तारेच्या लाइनची देखभाल करणाऱ्यांची ही वाट. लाइन १९८७ मध्ये बंद झाली, तारा गेल्या, काही खांब अजून उभे आहेत. वाट मात्र राहिली, कारण दर काही किलोमीटरवर एक ओढा आडवा येतो आणि लोकांना नेमकं तेच हवं असतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आजवर गाडी फार तर बीचवरच्या वाळूत घातली आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पाण्यात गाडी घालायची की नाही, हे स्टिअरिंगवर बसून ठरवायचं नसतं. इंजिन बंद करायचं, उतरायचं, पाण्यातून पायी जाऊन यायचं आणि मग ठरवायचं. बाकी सगळे तपशील याच्यामागून येतात.

आधी रस्ता समजून घ्या

केर्न्सहून लॉरा, मसग्रेव्ह, कोएन, आर्चर रिव्हर असं करत तुम्ही ब्रॅमवेल जंक्शनच्या रोडहाउसला पोचता. इथे दोन फाटे फुटतात. एक जुना ट्रॅक. दुसरा बायपास, म्हणजे रुंद, लाल मातीचा, खडखडाट रस्ता, जो ओढे टाळून वळसा घालून जातो. ट्रॅक सगळा मिळून जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा, पण त्याला दोन-तीन दिवस सहज लागतात.

ट्रॅकचे दोन भाग आहेत. दक्षिणेच्या भागात पाम क्रीक, ड्युसी क्रीक, दोन ॲलिस क्रीक, डलहंटी नदी, बर्टी क्रीक, गनशॉट आणि कॉकटू क्रीक. मग ट्रॅक बायपासला येऊन मिळतो. पुन्हा वेगळा होतो तिथून उत्तरेचा भाग: फ्रूट बॅट धबधबा, स्क्रबी क्रीक, एलियट धबधबा, पुढे कॅनाल, सॅम, मिस्टेक, कॅनिबल, सायप्रस, लोगन्स आणि शेवटी बदनाम नोलन्स ब्रूक. त्यापुढे जार्डिन नदी. ती गाडीने ओलांडायची नाही. तिथे फेरी आहे.

नवख्यांसाठी माझा सल्ला काहींना मिळमिळीत वाटेल: पहिल्या खेपेला बायपासने जा. फ्रूट बॅट धबधबा बायपासपासून अगदी जवळ आहे, तिथे पोचायला एकही मोठा ओढा ओलांडावा लागत नाही. पोहून घ्या. मग हाताशी अनुभवी सोबत आणि दुसरी गाडी असेल तर स्क्रबी क्रीक ओलांडून एलियटला मुक्काम करा. पाम क्रीकच्या काठावर खुर्ची टाकून तासभर दुसऱ्यांच्या गाड्या उतरताना बघितल्या तरी भरपूर शिकायला मिळतं. शिवाय तमाशा फुकट.

कधी जायचं

आपल्याकडे आभाळ भरून येतं तेव्हा तिथे आभाळ मोकळं असतं. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. डिसेंबर ते एप्रिल रस्ते पाण्याखाली असतात, म्हणून नाताळच्या सुट्टीत जायचं मनातून काढून टाका. जून-जुलैत शाळांना सुट्टी, त्यामुळे गर्दी. मे महिन्यात ओढ्यांना पाणी जास्त आणि पावसाळ्याने चढ-उतार खरवडून ठेवलेले. मला ऑगस्ट-सप्टेंबर सोयीचा वाटतो. पाणी उतरलेलं, वाटा रुळलेल्या. तेव्हा धूळ मात्र बेफाम.

रस्ते उघडे आहेत का हे क्वीन्सलँड सरकारच्या रस्ते-माहितीच्या संकेतस्थळावर पाहून मगच केर्न्स सोडा. एलियटच्या मुक्कामाचं आरक्षण राष्ट्रीय उद्यान विभागाकडे ऑनलाइन आधीच करावं लागतं. तिथे पोचल्यावर मोबाइलला रेंज नसते. फ्रूट बॅटला मुक्काम करता येत नाही, तिथे फक्त दिवसा. कुत्रा न्यायचा नाही. आणि जार्डिनच्या उत्तरेला दारू किती न्यायची यावर कायद्याने मर्यादा आहेत. त्या वस्त्यांचे नियम आधी वाचा, दंड मोठा आहे.

गाडी कोणती चालेल

डिकीवर "एडब्ल्यूडी" (चारही चाकांना ताकद) लिहिलेलं असतं ती गाडी यासाठी नव्हे. रॅव्ह-फोर, एक्स-ट्रेल वगैरे शहरी गाड्या आहेत. त्यांना लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) नाही आणि पोटाखाली जागाही कमी. लँडक्रूझर, प्राडो, हायलक्स, पॅट्रोल, रेंजर या जातीची गाडी हवी: लो रेंज, चांगली उंची, ऑल-टेरेन टायर आणि पुढे-मागे पक्के रिकव्हरी पॉइंट, म्हणजे फसलेली गाडी ओढायच्या जागा. स्नॉर्कल असलं तर बरं. नोलन्ससारख्या ओढ्याला त्याशिवाय जाऊ नये. पण स्नॉर्कल म्हणजे पाणबुडी नव्हे. ते फक्त इंजिनाची हवा वरून घेतं. दरवाजे, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी), अल्टरनेटर, वायरिंग हे सगळं पाण्यातच असतं.

प्रत्येक गाडीच्या पुस्तकात किती खोल पाणी चालेल हे दिलेलं असतं. हायलक्सला ७०० मिमी, रेंजरला ८०० मिमी. तुमच्या मॉडेलचा आकडा बघा आणि ती उंची दरवाजावर टेपने खूण करून ठेवा. नंतर काठावर उभं राहून मांडीवरच्या ओल्या रेषेची त्या खुणेशी तुलना करायला दोन सेकंद लागतात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर करारातली बारीक अक्षरं वाचाच. बऱ्याच कंपन्या या ट्रॅकला सरळ मनाई करतात, आणि मनाई नसली तरी पाण्याने झालेलं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. स्वतःच्या गाडीच्या विम्यातही हेच शोधा.

शेवटचं म्हणजे, एकट्या गाडीने ट्रॅकवर जाऊ नका. दोन गाड्या हव्यात, तीन असतील तर उत्तम.

सामान, डिझेल आणि संपर्क

लॉरा, मसग्रेव्ह, कोएन, आर्चर रिव्हर, ब्रॅमवेल इथे डिझेल मिळतं. ब्रॅमवेलनंतर टोकाजवळच्या बमागा-सीसिया वस्त्या दोनशेहून जास्त किलोमीटरवर आहेत. लो रेंजमध्ये गाडी किती पिते याचा शहरातल्या ॲव्हरेजवरून अंदाज बांधू नका. ब्रॅमवेलला टाकी भरूनच पुढे जा.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा आणि दोन दिवसांचं जास्तीचं घ्या. जेवणाचं आपल्याला सोपं आहे: पोहे, भाजणी, मेतकूट, उपम्याचं भाजून ठेवलेलं पीठ. हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. तिथली लाल धूळ अशी बारीक असते की चेन लावलेल्या बॅगेतल्या घडीच्या कपड्यांतही जाऊन बसते.

मोबाइलवर विसंबू नका. वस्त्यांमध्ये थोडी रेंज असते, ट्रॅकवर नसते. पीएलबी नावाचं आणीबाणीचं बीकन मिळतं. ते विकत घ्या किंवा भाड्याने घ्या आणि त्याची नोंदणी झाली आहे ना ते तपासा. नोंदणी मोफत आहे. सॅटेलाइट फोन असेल तर सोन्याहून पिवळं. गाड्यांमध्ये आपापसांत बोलायला यूएचएफ रेडिओ हवा. समोरून येणाऱ्यांशी बोलायला चॅनेल ४०, फोर-बाय-फोरवाल्यांच्या ताफ्यांत सहसा १०. चॅनेल ५ आणि ३५ आणीबाणीसाठी राखीव आहेत, त्यांवर गप्पा मारायच्या नाहीत.

प्रथमोपचारात सर्पदंशासाठीचं रुंद, ताणणारं बँडेज हवंच. चावल्या जागेपासून सुरुवात करून चावलेल्या पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळायचं, फळी बांधायची, माणसाला चालवायचं नाही. जखम धुवायची नाही, कापायची तर मुळीच नाही.

टायरची हवा

नवखे लोक ज्यात सगळ्यात जास्त चुकतात ती गोष्ट म्हणजे हवा. डांबरी रस्त्यावरची ३६-३८ पीएसआय हवा तशीच ठेवून लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर आलात, तर गाडीचे नट, दात आणि संसार तिन्ही खिळखिळे होतात. कच्च्या रस्त्याला लागताच साधारण २६-२८ वर आणा, ट्रॅकवर २०-२२, मऊ वाळूत १६-१८. सामान किती आणि टायर कोणता यावर दोन-चार पॉइंट इकडे-तिकडे होतील. हवा कमी केली की वेगही कमी करायचा, नाहीतर टायर तापून फाटतो. पुन्हा हवा भरायला चांगला कॉम्प्रेसर सोबत ठेवा. सिगारेट-सॉकेटला लावायचं खेळणं एका टायरमध्येच दम टाकतं.

बायपासवर एक धोका वेगळा आहे. रस्ता रुंद दिसतो, म्हणून वेग वाढतो, आणि समोरच्या ट्रकच्या धुळीत काहीच दिसत नाही. धूळ बसेपर्यंत थांबा. ओव्हरटेक करायचंच असेल तर आधी रेडिओवर विचारा.

ओढा कसा ओलांडायचा

काठापासून गाडी थोडी दूर थांबवा. समोर कुणी अडकलेलं नाही ना, मागे कुणी चिकटून उभं नाही ना, ते बघा. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. यामागे कारण आहे. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवेच्या नळीतून, पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची नळी वर इंजिनपर्यंत नेऊन बांधलेली असली तर हा त्रास वाचतो, आणि हे काम गॅरेजमध्ये स्वस्तात होतं.

आता उतरा. पायात जुने बूट, हातात काठी. पाणी स्वच्छ आणि उथळ आहे, तळ दिसतो आहे, मगरीची पाटी नाही, तरच पाण्यात पाय घाला. पाणी गढूळ, खोल, तळ न दिसणारं असेल तर चालायचं नाही, आणि जिथे चालायचं नाही तिथे गाडीही घालायची नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी संकटं टळतात.

चालताना डाव्या चाकाच्या रेषेतून जा आणि उजव्या चाकाच्या रेषेतून परत या. पायाखाली काय लागतं ते मनात नोंदवा: घट्ट रेती आहे की घोट्यापर्यंत जाणारी मऊ वाळू, सुटे गोटे आहेत की बुडालेला ओंडका. मधेच पाय एकदम गुडघ्यापासून मांडीपर्यंत गेला तर तो आधीच्या गाड्यांच्या चाकांनी कोरलेला खड्डा आहे. त्याच्या कुठल्या बाजूने जायचं ते तिथेच, पाण्यात उभं राहून ठरवा. पलीकडचा काठ नीट बघा. लोक उतरणीची काळजी करतात आणि अडकतात चढणीला, कारण पुढच्या प्रत्येक गाडीतून निथळलेल्या पाण्याने ती चिकणमाती साबणासारखी झालेली असते. प्रवाहाला जोर असेल आणि उभं राहणं कठीण जात असेल, तर गाडीही तिथे स्थिर राहणार नाही.

पाणी बंपरच्या वर येणार असेल तर बॉनेटच्या पुढून एक जाड ताडपत्री घट्ट बांधा. पंख्याकडे जाणारं पाणी ती अडवते. पाण्यात फिरणारा पंखा वाकून रेडिएटरला भोक पाडू शकतो. एसी बंद करा. काचा उघड्या ठेवा. गाडीने दगा दिलाच तर बाहेर पडायची वाट हवी. स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे फसलेली गाडी ओढायचा ताणणारा पट्टा, आधीच मागच्या पॉइंटला लावून त्याचं टोक हाताशी येईल असं ठेवा, म्हणजे नंतर बुडी मारून हुक शोधावा लागत नाही.

मग लो रेंज, दुसरा गिअर, डिफ-लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर तो लावा, आणि माणसाच्या चालण्याच्या वेगाने आत जा. बंपरपुढे एक लाट तयार होते. तिच्या मागे राहून एकसारख्या वेगाने जात राहायचं. फार वेगात गेलात तर पाणी बॉनेटवर उडतं, फार हळू गेलात तर लाट मोडते आणि पाणी परत इंजिनच्या खोलीत येतं. मधे गिअर बदलायचा नाही, मॅन्युअल गाडीत क्लच दाबायचा नाही. एका वेळी एकच गाडी. पलीकडे गेल्यावर मागच्यासाठी जागा सोडून पुढे थांबा आणि ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवा.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर? चावी पुन्हा फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन कायमचं जातं. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर कोरडा आहे का बघा, डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर तिथेच थांबा.

तीन ओढ्यांबद्दल जास्त

पाम क्रीक पहिलाच आणि तोच अनेकांना परत पाठवतो. पाणी फार नसतं. अडचण आहे ती उतरणीची. चिकणमातीत चाकांनी कापलेल्या खोल घळी, त्यात मोठ्या पायऱ्या, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर त्यांचा आकार बदललेला. तुमच्या गाडीचं एक पुढचं चाक हवेत आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक हवेत अशी अवस्था येते, तेव्हा घाबरून ब्रेक दाबला तर गाडी घसरते. लो रेंजचा पहिला गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला, आणि समोर उभ्या असलेल्या साथीदाराच्या हाताकडे नजर. तो साथीदार एकच असावा. चार काका चार बाजूंनी "डावीकडे! उजवीकडे!" ओरडायला लागले की गाडी हमखास भिंतीला घासते.

गनशॉटचे सगळ्यात प्रसिद्ध उतार म्हणजे मातीचे जवळजवळ उभे कडे. गाडी नाकावर उभी राहते. व्हिडिओ सुंदर येतात आणि रेडिएटर, बंपर, पाठ यांपैकी काहीतरी मोडतं. बाजूने सोपी वाट आहे, तिला तिथे 'चिकन ट्रॅक' म्हणतात. बिनदिक्कत तिथून जा.

नोलन्स ब्रूक दिसायला सगळ्यात गोड. नितळ पाणी, पांढरी वाळू. आणि त्यातच सर्वात जास्त गाड्या बुडतात, कारण नितळ पाण्यात खोली कमी भासते आणि मऊ वाळूत चाक फिरलं की गाडी आणखी खाली बसते. चालून गेल्यावर पाणी दरवाजावरच्या खुणेच्या वर लागलं तर तिथूनच मागे वळा. बायपासवर परत जाता येतं.

गाडी फसली तर

पहिल्यांदा हवा आणखी कमी करा, चाकांपुढची माती फावड्याने काढा, रिकव्हरी ट्रॅक म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या दातेरी फळ्या चाकाखाली घाला. दहातल्या बऱ्याच गाड्या एवढ्यावर निघतात.

स्नॅच स्ट्रॅप वापरायची वेळ आली तर तो फक्त कारखान्याने मान्य केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच अडकवा. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही. तो लोखंडी गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, आणि असे उडून ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत. स्ट्रॅपवर मधोमध ओला टॉवेल किंवा डॅम्पर टाका, बघ्यांना स्ट्रॅपच्या लांबीच्या दीडपट मागे हटवा, मुलांना ओढण्यात नसलेल्या गाडीत बसवा. मग रेडिओवर मोजून ओढा. हे सगळं पहिल्यांदा केप यॉर्कला शिकू नका. ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न सगळीकडे एका दिवसाचे फोर-बाय-फोर वर्ग असतात. तिथे पैसे घालवलेले परवडतात.

धबधब्यात उतरताना

फ्रूट बॅटला लाकडी पायवाटेने खाली गेलात की रुंद, बुटका, एकसलग पडदा दिसतो. त्याखाली काळसर-हिरवं पण स्वच्छ पाणी. एलियटला वेगवेगळ्या जागा आहेत. ट्विन फॉल्स उथळ, खडकांच्या पायऱ्यांचा, लहान मुलांना बरा. एलियट फॉल्स खोल आणि जोराचा. काठावर नीट बघितलंत तर सुरईच्या आकाराची कीटकभक्षी झाडं दिसतात. ती तोडू नका आणि त्यांच्यावर पाय देऊ नका.

सह्याद्रीतल्या धबधब्यांना पावसाळ्यात अचानक लोंढा येतो, त्याची धास्ती आपल्या अंगात मुरलेली असते. इथे कोरड्या हंगामात लोंढ्याची भीती फारशी नसते. भीती असते ती गुळगुळीत खडकांची आणि पाण्याखालच्या न दिसणाऱ्या दगडांची. वरून सूर मारायचा नाही, उडी मारायची नाही. जवळचं हॉस्पिटल जवळ नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही, आणि हे कबूल करायला लाज वाटते म्हणून लोक कडेकडेने आत जातात. लाइफ जॅकेट सोबत न्या आणि मोठ्यांनीही घाला. मुलांवर लक्ष ठेवायला एक माणूस पाण्याबाहेर, मोबाइल खिशात.

अंगाला लावलेलं सनस्क्रीन आणि डास पळवायचं मलम पाण्यात विरघळतं आणि ते पाणी कित्येक जिवांचं घर आहे. त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅश व्हेस्ट घाला. साबण, शाम्पू, भांडी घासणं काहीही ओढ्यात नको.

मगरींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सॉल्टी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली म्हणवली जाणारी मगर, गोड्या पाण्यातही राहते आणि समुद्रापासून बरीच आत येते. या दोन धबधब्यांत लोक वर्षानुवर्षं पोहत आले आहेत, पण त्या दिवशी तिथे जी पाटी लावलेली असेल तीच शेवटची. पाटीवर नको म्हटलं असेल तर फोटो काढा आणि परत फिरा. बाकी ठिकाणी, ओढा तपासायला वर सांगितल्याप्रमाणे उतरायचं तेवढं सोडून, पाण्याच्या काठापासून पाच मीटर दूर राहायचं, तंबू काठापासून पन्नास मीटर मागे आणि उंचावर. रोज एकाच जागी पाणी भरायला जायचं नाही. मासे काठावर साफ करायचे नाहीत, उष्टं टाकायचं नाही. जार्डिन नदीत गुडघाभरही उतरायचं नाही.

फेरीपलीकडे आणि परतीला

जार्डिनची फेरी स्थानिक कौन्सिल चालवतं. तिकीट काढा, वेळा विचारून घ्या, कारण संध्याकाळनंतर ती बंद असते. पलीकडची जमीन मूळ रहिवाशांच्या मालकीची आहे, त्यामुळे मुक्काम ठरलेल्या जागीच करायचा. पजिंकाला शेवटचा थोडा भाग खडकांवरून चालत जावा लागतो. चपला घालून निघू नका.

परत येताना कोएनच्या उत्तरेला जैवसुरक्षा तपासणीचं केंद्र लागतं. केपच्या उत्तरेकडून फळं, रोपं, माती दक्षिणेला आणण्यावर निर्बंध आहेत, आणि त्यात आंबाही येतो. सीसियाला कुणी प्रेमाने पिशवीभर आंबे दिले तर ते केंद्राच्या अलीकडे खाऊन संपवा, कोय तिथल्या कचरापेटीत टाका.

केर्न्सला पोचल्यावर गाडी फक्त बाहेरून धुवू नका. खालून चेसिसमधली माती काढून घ्या, दोन्ही डिफचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासायला सांगा, व्हील बेअरिंग वाजतायत का बघा. दुधाळ ऑइल वेळेत बदललं तर खर्च थोडा असतो. तसंच ठेवून ब्रिस्बेनपर्यंत सतराशे किलोमीटर चालवलं तर डिफच बदलावं लागतं.